कम्युनियनआधीचा तास

कम्युनियनमध्ये ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, स्वीकारण्यापूर्वी कॅथलिक भाविकाने किमान तासभर काही खायचे-प्यायचे नसते. पाणी आणि औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तेवढेही बंधन नाही. १९५३ पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून, पाण्याविना असे. एका तासाची सवलत पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये दिली. पण पोट रिकामे ठेवणे सोपे. मन गंभीर पापाने जड असेल, तर आधी पापनिवेदन हवे. शिवाय मिस्सा या उपासनाविधीत वेदीवरच्या भाकरीआधी पवित्र शास्त्राचे वचन येते. शुभवर्तमानाचे वाचन सुरू होताना भाविक उभे राहून अंगठ्याने कपाळावर, ओठांवर, छातीवर छोटा क्रूस काढतात. पवित्र शास्त्राला चर्चने ख्रिस्तशरीरासारखाच मान दिला आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये नमूद केले. रविवारची वाचने ठरलेली असतात. ती शनिवारी रात्रीच घरात वाचावीत, ही तयारी मला सर्वांत मोलाची वाटते.