केळीच्या बागेखालचे पाणी

इ. स. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानान याने बऱ्हाणपूर शहरासाठी कुंडी भंडारा बांधविला. सातपुड्यात मुरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून, बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर ते शहराकडे आणिले. बोगद्यावर शंभराहून अधिक कुंड्या ओळीने उभ्या आहेत. डोंगर देईल तेवढेच पाणी घ्यावयाचे, हा त्या बांधणीतच दडलेला नियम होय.

आज त्याच मुलखात केळी हे मुख्य नगदी पीक आहे. केळीची मुळे उथळ, पाने रुंद, आणि भर उन्हाळ्यातही तिला पाणी हवे. मग एक कूपनलिका आटली की दुसरी अधिक खोल जाते, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. मोकाट पाण्याबरोबर जादा युरियाही मुळांखाली उतरून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत पोहोचतो. अशा पाण्यात कालविलेले दूध तान्ह्या बाळास अपायकारक ठरू शकते.

जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळ पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचा गौरव झाला. २५४ गावांत नळ आले. परंतु नळ पाणी वाहून आणितो, निर्माण करीत नाही.

उपाय आपल्या हातचे आहेत. ठिबकाने पाणी मुळाशीच द्यावे, आणि खत त्यातूनच थोडे थोडे सोडावे. वाळलेली पाने जाळू नयेत. त्यांचे आच्छादन करावे. घड उतरल्यावर निरोगी झाडांचे खांब बांधावर फेकण्याऐवजी तुकडे करून जमिनीत कुजवावेत. याच खांबांच्या धाग्यापासून जिल्ह्यातील बचतगटांच्या स्त्रिया टोप्या विणतात. केळीनंतर एखादा हंगाम हरभऱ्यास द्यावा. त्यास पाणी कमी लागते व जमिनीस नत्र मिळते. पावसाचे पाणी गाळ निवळून विहिरीत सोडावे.

मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लाविली, तर बचत कोठे राहिली? वाचलेले पाणी जमिनीतच राहील तेव्हाच ते खरोखर वाचले. यंदा किती एकर केळी लावावी, हे घरच्या मंडळींनी एकत्र बसून ठरवावे. आणि ठरविताना भावाबरोबरच गतवर्षीच्या वैशाखात विहिरीला किती पाणी होते, याचाही हिशेब मांडावा.