दिवे दहाचे, माग नव्वदचे

श्रोतेहो, आमच्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्याजवळून गेलात, तर आधी ऐकू येते ती मागांची खडखड. मग जाणवतो रंगणीतला वाफारा. छपराखालच्या दिव्यांकडे कोण बघतो? पण कारखान्याला 'हरित इमारत' म्हणवून घ्यायचे, तर सुरुवात दिवे, पंखे आणि छपरापासूनच होते. घोडे इथेच पेंड खाते.

समजा, कारखान्याचा ऊर्जेचा खर्च १०० रुपये. त्यातले ९० माग, बॉयलर, कॉम्प्रेसर यांचे. दिवे-पंखे आणि कचेरीतला एसी यांचे १०. 'लीड' या अमेरिकी मानांकनाच्या २००९ च्या आवृत्तीत नव्या इमारतीला तुलनेच्या प्रमाण इमारतीपेक्षा किमान १० टक्के खर्च वाचवून दाखवावा लागे, आणि हिशेबात यंत्रेही धरावी लागत. मालकाने दिव्या-पंख्यांत ३० टक्के बचत केली, तरी हाती तीनच रुपये! १० गाठायचे तर अंधारात विणायचे की काय? आपल्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने उत्पादनाची यंत्रे कक्षेबाहेरच ठेवली. अट सोपी झाली. ९० रुपये मात्र जिथल्या तिथे राहिले.

'लीड'मध्ये एक वाट होती. एरवी यंत्रे दोन्ही बाजूंना सारखीच धरतात. पण आपले यंत्र रूढ यंत्रापेक्षा कमी ऊर्जा खाते हे पुराव्याने दाखवले, तर ती बचत मान्य होते. आणि खरी गंमत तिथेच आहे. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. (मी बी.ए., त्यातून कवी. हे घनाचे गणित मला एका इंजिनिअर मित्राने चहाच्या टपरीवर समजावले.) कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन जातो, तिच्यावर पाणी तापवता येते. वाफेचे थंडावलेले गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत दिले, की इंधन वाचते.

अडचण एकच. 'रूढ यंत्र' कोणते, हे ठरवायचे कोणी? भंगारातला बॉयलर तुलनेला उभा केला, तर कोणीही हिरवा ठरेल. म्हणून माग, बॉयलर, कॉम्प्रेसर यांना वेगवेगळे मीटर आधी बसवावेत, असे मला वाटते. एकाच मीटरवर सगळा कारखाना चालत असेल, तर मालक तरी काय दाखवणार?