पाकिटं बदलली, बिअर वाचली

अमेरिकेतल्या पोर्टलंडबाहेरच्या एका गॅरेजमध्ये प्रोपेनच्या शेगडीवर स्टीलचं मोठं पातेलं चढलं होतं. आत १९ लिटर वर्ट, म्हणजे माल्ट केलेल्या बार्लीचं गोड पाणी. उकळी फुटून २० मिनिटं झाली होती. माझा मित्र वर येणारा फेस मोडत होता, त्याची बायको टेबल आवरत होती. ती एकदम थांबली.

"अरे, सिट्राचं पाकीट रिकामं कसं? ते तर शेवटी टाकायचं होतं ना?"

सिट्रा आणि कॅस्केड या हॉप्सच्या दोन जाती. कॅस्केडचं पाकीट न फोडलेलं तसंच पडलं होतं. दोन्ही पाकिटं २८ ग्रॅमची, दोन्हींत कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. आधी जायचे हॉप्स बाहेर राहिले होते आणि शेवटी जायचे आत उकळत होते.

हॉप्स ही भांगेच्या कुळातल्या एका वेलीची मादी फुलं. पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिनची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यातली अल्फा आम्लं सहजी पाण्यात उतरत नाहीत. उकळताना त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि बिअरला कडवटपणा देतात. या कामाला वेळ लागतो. त्याच पुडीतल्या सुगंधी तेलांची गत उलटी, ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणाचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकतात आणि वासाचे अगदी शेवटी.

त्यामुळे चूक कळल्यावर पहिला प्रश्न एवढाच: बिघडलं काय, कडवटपणा की वास? मित्राने वही पुढे ओढली. कडवटपणाचं एकक आयबीयू. लिटरमागे एक मिलिग्रॅम बदललेलं आम्ल म्हणजे ढोबळमानाने एक आयबीयू. कॅस्केडमध्ये अल्फा आम्ल ६ टक्के, सिट्रामध्ये १२. घरी बिअर करणारे बहुतेक जण टिन्सेथचं सूत्र वापरतात, त्यानुसार मूळ बेत असा होता: कॅस्केड ६० मिनिटं उकळून २० आणि सिट्रा ५ मिनिटं उकळून ८, एकूण २८. सिट्रा तसंच ६० मिनिटं उकळलं असतं तर त्या एकट्याचेच ४१ झाले असते.

गोळ्या सुट्या टाकल्या असत्या तर त्यांचा केव्हाच लगदा झाला असता. इथे त्या जाळीच्या पिशवीत होत्या, म्हणून निभावलं. मित्राने चिमट्याने पिशवी उचलली, न पिळता निथळू दिली आणि थेट झाकणाच्या डब्यात टाकली. घरात कुत्रा होता. कुत्र्याने हॉप्स खाल्ले तर त्याचा ताप जिवावर बेतण्याइतका चढू शकतो.

२० मिनिटांत सिट्राने साधारण २५ दिले होते. कॅस्केड शेवटची ५ मिनिटं टाकलं तर त्याचे ४. बेरीज २९, बेतापेक्षा एकच जास्त. पण हा हिशेब कागदावरचा. पिशवी निघाली तरी पाण्यात उतरलेली आम्लं पुढेही बदलत राहतात, म्हणजे खरा आकडा थोडा वर जाणार हे धरूनच चालायचं. तरीही उरलेली ४० मिनिटं उकळी चालूच ठेवली. माल्टमधून सुटणारा उकडलेल्या मक्याचा वास उडून जायला आणि पाणी हवं तेवढं आटायला तो वेळ लागतोच.

कडवटपणाचं भागलं, वास मात्र गेला होता. त्यावर उपाय म्हणून आंबवण बहुतेक पुरं झाल्यावर सिट्राचं नवं पाकीट थेट टाकीत गेलं. अमेरिकेतले बहुतांश हॉप्स शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यात पिकतात, त्यामुळे पाकिटाला तोटा नव्हता. पण या उपायातही एक खोच आहे. हॉप्समधली विकरं उरलेल्या जड साखरा फोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. घाईने बाटल्या भरल्या तर आत वायू वाढून त्या फुटू शकतात. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा काही दिवस हलला नाही, तेव्हाच मित्राने बाटल्यांना हात लावला.

बाकीच्या चुकांनाही अशीच उत्तरं आहेत. सुरुवातीचे हॉप्स राहून गेले आणि २० मिनिटंच उरली असली, तर प्रमाण पावणेदोनपटीच्या आसपास न्यायचं. वर्ट थंड झाल्यावर आठवलं, तर थोडे हॉप्स पाण्यात वेगळे उकळून ते पाणी गार करून घालायचं. कडवटपणा फार झाला, तर हॉप्स न घातलेलं उकळलेलं वर्ट मिसळून तो पातळ करायचा. साखर घालून उपयोग नाही, ती यीस्टच खाऊन टाकतं. महिने गेले की कडवटपणा उतरतो खरा, पण वास त्याच्याही आधी उतरतो.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर उठला. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरहून थोड्या जास्त बिअरची मुभा आहे, विक्रीला मात्र नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे हा उद्योग आपल्या लोकांना सहसा परदेशातच जमतो.

त्या दिवशीची बिअर बेतापेक्षा जरा कडू झाली, वास मात्र सिट्राचाच आला. ज्यांना हे करता येतं त्यांनी शेगडी पेटवण्याआधी हॉप्स वाट्यांत मोजून घ्यावेत, प्रत्येक वाटीवर मिनिटं लिहावीत आणि टाकताना जाळीची पिशवी वापरावी. एवढं करूनही चुकलंच, तर आधी घड्याळ बघून किती मिनिटं उकळलं ते लिहून ठेवावं. तो आकडा हाताशी नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे!