एका विशेषणाचा पहारा

26 मे 1950. राज्यघटना अंमलात येऊन बरोबर चार महिने झाले होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन साप्ताहिकांच्या बाजूने निकाल दिले. एक मुंबईचं ‘क्रॉसरोड्स’, डाव्या विचारांचं, रोमेश थापर यांचं. दुसरं दिल्लीचं ‘ऑर्गनायझर’, संघविचारांचं. पहिल्याला मद्रास सरकारने आपल्या राज्यात यायलाच बंदी केली होती. दुसऱ्याला, मजकूर छापण्याआधी आम्हाला दाखवा, असा हुकूम दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी सोडला होता. एकमेकांशी एका ओळीतही पटणार नाही अशी ही दोन पत्रं, पण घटनेचं कलम 19 दोघांच्याही कामी आलं. नागरी हक्कांची गोष्ट सांगताना मला नेहमी इथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण ज्याचं बोलणं आपल्याला खुपतं त्याचाही हक्क आपल्याइतकाच आहे हे त्या एका दिवसाने दाखवून दिलं.

न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांचं म्हणणं सरळ होतं. भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायला घटनेने मोजकीच कारणं दिली आहेत, राज्याची सुरक्षितता हे त्यांतलं एक. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण त्या यादीत नाही. तेव्हा तेवढ्या कारणासाठी पत्राचा गळा आवळता येणार नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी वेगळं मत नोंदवलं, पण बहुमत ठरलं ते ठरलं.

सरकारने यावर उपाय काढला तो थेट घटना बदलण्याचा. 12 मे 1951 रोजी पंतप्रधान नेहरूंनी पहिल्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे वाचवणं आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा करणं ही त्याची दोन मोठी कामं होती, आणि ती मला आजही रास्त वाटतात. पण त्याच विधेयकात भाषणस्वातंत्र्यावर बंधनाची तीन नवी कारणं होती: सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, जातीय विष ओकणारी पत्रकं निघत होती, ही सरकारची भीती खोटी नव्हती. तरीही घाई चुकीचीच होती. पहिली सार्वत्रिक निवडणूक काही महिन्यांवर आली होती आणि सभागृह हंगामी होतं. प्रौढ मतदाराने निवडलेल्या एकाही प्रतिनिधीचं मत न घेता प्रौढ मतदाराचा हक्क कमी केला जात होता.

मसुद्यात खटकणारी आणखी एक गोष्ट होती. सरकारला नुसतं ‘निर्बंध’ घालण्याचा अधिकार हवा होता. निर्बंध योग्य की अयोग्य, हे न्यायालयाने तपासावं अशी जागाच त्यात नव्हती. नेहरू–लियाकत करारावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले श्यामाप्रसाद मुखर्जी आणि गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू, हे दोघेही विरोधात उभे राहिले. कायदामंत्री डॉ. आंबेडकर विधेयकाच्या बाजूने बोलले. अखेर प्रवर समितीतून विधेयक परत आलं तेव्हा ‘निर्बंध’ या शब्दाच्या आधी एक विशेषण येऊन बसलं होतं: वाजवी. विधेयक 228 विरुद्ध 20 मतांनी मंजूर झालं आणि 18 जून 1951 रोजी राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. मुखर्जी, कुंझरू मतदानात हरले, पण तो शब्द राहिला. भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमात तो मूळ घटनेतही नव्हता!

मार्च 1952 मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव हा संघटनास्वातंत्र्याचा खटला निकालात निघाला. पतंजली शास्त्री आता सरन्यायाधीश होते. वाजवी म्हणजे काय, हे त्यांनी तिथे मांडलं. कोणत्या हक्काला हात घातला आहे, कशासाठी, रोग किती गंभीर आहे, औषध रोगापेक्षा जहाल तर नाही ना, हे सगळं न्यायालय पाहील. पुढच्या कित्येक खटल्यांना ही फूटपट्टी लागली.

1963 ची सोळावी दुरुस्ती द्रविड मुन्नेत्र कळघमच्या स्वतंत्र द्रविडनाडच्या मागणीला समोर ठेवून झाली. ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता’ हे आणखी एक कारण यादीत वाढलं. कळघमने त्याच वर्षी ती मागणी सोडली.

त्यानंतरच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात जे घडलं ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सज्जन सिंग खटल्यात, संसदेला मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलता येतो, असा बहुमताचा निकाल सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्याच पीठावर अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर होते. निष्कर्ष त्यांनी मान्य केला, पण जाता जाता एक शंका कागदावर ठेवली: घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदलणं, याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं? त्या शंकेने तेव्हा काहीही थांबलं नाही. नऊ वर्षांनी, 24 एप्रिल 1973 रोजी, केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांच्या युक्तिवादानंतर 7 विरुद्ध 6 अशा निसटत्या बहुमताने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत उभा राहिला, तेव्हा त्या शंकेचं मोल कळलं.

मग आणीबाणी. 26 जून 1975 ला वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. संसदेत खासदार काय बोलले हे निर्धास्तपणे छापता यावं म्हणून फिरोज गांधींनी 1956 साली कायदा करून घेतला होता. तोही रद्द झाला. डिसेंबरमध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. तुरुंगातून सुटलेले जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी त्या मंडपात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्यांच्या हाती तेव्हा कोणतंही कलम नव्हतं, कलम 19 तर आणीबाणीने निष्प्रभ करून ठेवलं होतं. म्हणूनच ते धैर्य मला फार मोठं वाटतं.

मुंबई उच्च न्यायालयही त्या काळात गप्प बसलं नाही. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. 1976 च्या सुरुवातीला न्यायमूर्ती डी. पी. मदन यांनी सेन्सॉरला त्याची मर्यादा दाखवली: सगळ्या पत्रांना एकाच सुरात गायला लावणं हे तुझं काम नाही. त्याच वर्षी 28 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने मात्र, स्थानबद्ध माणसाला आणीबाणीत दादच मागता येणार नाही, असा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात राहिले. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवला.

वर्षअखेर बेचाळिसावी दुरुस्ती आली. 59 कलमांची. विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षं झाली, कोणतीही मार्गदर्शक तत्त्वं पुढे करून कलम 19 ला वळसा घालण्याची सोय झाली, ‘राष्ट्रविरोधी कारवायां’वर कायदे करण्याचा वेगळा अधिकार संसदेला मिळाला आणि घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं लिहिलं गेलं. ‘वाजवी’ हा शब्द जागेवर होता. फक्त त्याच्याभोवती वाटा काढल्या होत्या.

1977 ला सत्तेत आलेल्या जनता पक्षाकडे लोकसभा होती, पण राज्यसभेत काँग्रेसचं बळ होतं. म्हणून 1978 ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती ही दोन्ही बाजूंच्या संमतीनेच होऊ शकली, आणि राज्यसभेने काही कलमं गाळलीही. तरी जे मिळालं ते भक्कम होतं. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आलं. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. फिरोज गांधींचा कायदा कलम 361क म्हणून खुद्द घटनेत जाऊन बसला. 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीची उरलेली दोन मोठी कलमं पडली. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी.

नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंद राहिल्याबद्दल लिहिलं होतं, दुसरीने ते आवडल्याचं बटण दाबलं होतं. अटकेत वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. 1951 ची तीच यादी आणि तोच ‘वाजवी’ शब्द समोर ठेवून. रोमेश थापर यांचा खटलाही त्या निकालात आला.

माझ्याकडच्या घटनेच्या प्रतीत कलम 22 खाली बारीक टाइपात एक तळटीप आहे. खटला न चालवता माणसाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय किती काळ डांबता येईल, ती मुदत चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तीन महिन्यांवरून दोनवर आणली, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावं असं ठरवलं. संसदेने मंजूर केलं, राज्यांनी मान्यता दिली, राष्ट्रपतींनी सही केली. अंमल कधीपासून, ती तारीख सरकारने जाहीर करायची होती. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष दिल्लीत सत्तेवर येऊन गेला. ती तारीख अजून जाहीर झालेली नाही.