विमानतळाचा पास: कायम कोण, कंत्राटी कोण?

नांदूरघाटातून पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेलं एखादं पोरगं विमानतळावर लोडर, सफाई कामगार किंवा वायरमन म्हणून लागतं. गळ्यात पास दिसला की गावाकडे दोन समजुती पक्क्या होतात: पोरगं ‘सरकारी’ झालं, आणि त्याला आता कुठंही जाता येतं. दोन्ही चुकीच्या.

हा पास नागरी विमान सुरक्षा ब्यूरो देतो. 1976 च्या विमान अपहरणानंतर, 1978 मध्ये हा विभाग सुरू झाला. पास मिळाला म्हणजे सरकारी नोकरी लागली असं नाही. पासवर लिहिलेल्या भागांपुरतीच ये-जा करता येते. सामान चढवणाऱ्याला विमानं उभी असतात त्या भागाची मुभा असेल, म्हणून तो टर्मिनलभर हिंडू शकत नाही.

‘कंत्राटी माणसाची चौकशी वरवर होते’ हाही गैरसमजच. पगार कुणाकडूनही येवो, पार्श्वभूमीची तपासणी चुकत नाही, आणि दारावर अंगझडती कायम माणसाचीही होते. फरक पडतो तो मुदतीत. कंत्राट संपलं की त्यावर काढलेला पासही संपतो. थोड्या दिवसांच्या कामाला तात्पुरता पास मिळतो. कामाची अवजारं आत न्यायची तर त्यांचीही वेगळी परवानगी लागते.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘पास आपला असतो’ हा. ऊसतोडीत टोळीनं मुकादम बदलला तरी कोयता हातात राहतो. इथं कंपनी सोडली की पास जमा करावा लागतो. नव्या कंपनीत नवा अर्ज, आणि नवा पास मिळेपर्यंत आत प्रवेश नाही. कायम नोकरीही इथं ढाल होत नाही. 15 मे 2025 रोजी ब्यूरोनं सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली. मुंबईसह नऊ विमानतळांवर तिचं काम चाले. कारवाई कंपनीवर झाली, पण तिची झळ कंपनीच्या माणसांनाही बसली.

पास हरवला तर लाजेखातर लपवू नका. पोलिसांत तक्रार द्या आणि कंपनीला लगेच कळवा.

पाससाठी अर्ज कामावर ठेवणारी संस्थाच करते, एकट्या माणसाला तो करता येत नाही. तेव्हा ‘आधी पैसे द्या, पास काढून देतो, नोकरी मागाहून’ असं म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.