अंगठा, काठी आणि कधीच नसलेला कायदा

“मॅडम, आम्ही ‘रूल ऑफ थंब’ म्हणणं बंद केलंय. फार वाईट उगम आहे त्याचा.” इंग्रजीच्या शिक्षकांसाठी भरलेल्या एका कार्यशाळेत एका तरुण शिक्षिकेने मला हे सांगितलं. समोरच्या निम्म्या माना लगेच होकाराने हलल्या आणि बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. आता ते पन्नास वर्गांत शिकवलं जाणार, या विचाराने मी अस्वस्थ झाले.

तो ‘वाईट उगम’ तुम्हीही ऐकला असेल. जुन्या इंग्लंडमध्ये म्हणे नवऱ्याला बायकोला काठीने मारायची कायद्याने मुभा होती. अट एकच, काठी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नको. त्यावरून ‘अंगठ्याचा नियम’. ‘द बूनडॉक सेंट्स’ या १९९९च्या चित्रपटातही एक पात्र हेच सांगतं. गोष्ट छोटी आहे, चीड आणणारी आहे, एकदा ऐकली की विसरत नाही. फक्त ती खरी नाही. असा कायदा इंग्लंडमध्ये कधीच नव्हता आणि शब्दप्रयोगाचा काठीशी संबंध नाही.

आधी शब्दप्रयोगाचं पाहू. पट्टी हाताशी नसली की माणूस आपल्या अंगाने मोजतो. आपल्याकडे वीत, हात, अंगुळं होती, तसा युरोपात अंगठा होता. अंगठ्याची रुंदी साधारण एक इंच भरते. फ्रेंचमध्ये ‘पूस’ म्हणजे अंगठाही आणि इंचही. डच ‘दाउम’चंही तेच. माझी आई भात लावताना पातेल्यात बोट उभं धरते आणि तांदळाच्या वर एक पेर बुडेल इतकं पाणी घालते. ना वाटी, ना माप. भात कधी गिच्च होत नाही की कच्चा राहत नाही. इंग्रजीत याला ‘रूल ऑफ थंब’ म्हणतात, मराठीत ठोकताळा. जर्मन माणूस याच अर्थाने ‘मुठीचा नियम’ म्हणतो. त्यावरून तिकडे बायकांना ठोसे मारायचा कायदा होता, असं कुणी म्हणत नाही.

आता साल पाहा. हा शब्दप्रयोग १६८५ साली छापलेला सापडतो, जेम्स डरहॅम या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या प्रवचनांत. तिथे तो अंदाजाने भिंत चढवणाऱ्या अडाणी गवंड्यांबद्दल आला आहे. डरहॅम १६५८ साली वारला, म्हणजे बोलण्यात तो त्याआधीपासूनच असणार. १६९२ साली सर विल्यम होपच्या तलवारबाजीच्या पुस्तकात तो पुन्हा भेटतो, शास्त्र न शिकता सवयीने तलवार चालवणाऱ्याबद्दल. दोन्ही ठिकाणी ना नवरा आहे, ना बायको, ना काठी.

मग काठी आली कुठून? १७८२ साली. फ्रान्सिस बुलर नावाच्या इंग्लिश न्यायाधीशाने अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायला हरकत नाही असं म्हटल्याची लंडनभर आवई उठली. जेम्स गिलरे हा त्या काळचा नावाजलेला व्यंगचित्रकार. त्याने नोव्हेंबरमध्ये चित्रच काढलं: झगा आणि टोप घातलेले न्यायमूर्ती काठ्यांचे भारे विकायला निघालेत, प्रत्येक काठीच्या टोकाला अंगठा, मागे एक नवरा बायकोला बडवतोय. बुलरला ‘जज थंब’ हे नाव जन्माचं चिकटलं. पण त्याचा असा कोणताही निकाल नोंदलेला नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांची चरित्रं लिहिणाऱ्या एडवर्ड फॉसनेही एकोणिसाव्या शतकात शोध घेतला, त्यालाही ठोस पुरावा मिळाला नाही. आणि बुलरने ते खरोखर म्हटलं असतं, तरी शब्दप्रयोग तेव्हा शंभर वर्षांचा जुना होता. नातू आजोबांचा बाप कसा होईल?

इथे कुणी म्हणेल, म्हणजे बायकांना मार बसतच नव्हता का? बसत होता, आणि माझा राग नेमका त्यासाठी आहे. ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने १७६५मध्ये इंग्लिश कायद्यावरचा आपला ग्रंथ छापायला सुरुवात केली. जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोला ‘माफक’ शिक्षा करण्याचा अधिकार होता, दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून त्यावर शंका घेतली जाऊ लागली, असं तो लिहितो. अंगठा, काठी यांचा उल्लेख नाही. जाडीची गोष्ट न्यायालयाच्या कागदावर सापडते ती अमेरिकेत.

नॉर्थ कॅरोलायना, १८६८. रोड्स नावाच्या माणसाने बायकोला, एलिझाबेथला, छडीचे तीन फटके मारले. छडी त्याच्या बोटाएवढी होती, पुरुषाच्या अंगठ्यापेक्षा बारीक. खालच्या न्यायाधीशाने त्या जाडीवर बोट ठेवून नवऱ्याला सोडलं. सरकार वरच्या न्यायालयात गेलं. वरच्या न्यायालयाने अंगठ्याचं माप मानलं नाही; त्याहून निम्म्या जाडीच्या छडीनेही जीव घेता येतो, हे त्यालाही कळत होतं. तरीही नवरा सुटला. का? तर इजा किरकोळ आहे आणि घरातल्या अशा गोष्टींत न्यायालय पडणार नाही. सहा वर्षांनी, १८७४मध्ये, याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात अंगठ्याचा नियम हा आपल्या राज्याचा कायदा नाही, असं स्पष्ट लिहिलं आणि नवऱ्याची शिक्षा कायम केली; पण कायमची इजा नसेल तर घरावर पडदा ओढलेला बरा, हेही सोबत लिहून ठेवलं.

एलिझाबेथ रोड्सला न्याय नाकारला तो अंगठ्याने नव्हे, ‘घरातली बाब’ या दोन शब्दांनी. हे शब्द आजही पोलीस चौकीत ऐकू येतात. अंगठ्याची खोटी गोष्ट सांगत बसलं की सगळा दोष एका विचित्र, मेलेल्या कायद्यावर जातो आणि हे जिवंत शब्द सुटून जातात. शिवाय गोष्ट खोटी निघाली की मारहाण नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

शब्दप्रयोग आणि काठी यांची गाठ पडली ती अगदी अलीकडे. १९७६मध्ये डेल मार्टिन यांनी मार खाणाऱ्या बायकांवरच्या आपल्या पुस्तकात ही जाडीची गोष्ट सांगून पुढे शब्दांवर कोटी केली. वाचणाऱ्यांनी कोटीलाच व्युत्पत्ती मानलं. १९८२मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने घरगुती मारहाणीवरच्या अहवालाच्या शीर्षकातच ‘रूल ऑफ थंब’ वापरलं आणि दंतकथेवर सरकारी शिक्का बसला. १९९४मध्ये हेन्री अॅन्सगर केली या अभ्यासकाने विधी-शिक्षणाच्या एका नियतकालिकात हे सगळं धागा धागा सोडवून दाखवलं. त्यालाही आता तीस वर्षं उलटली.

अंगठ्याच्या वाट्याला आणखीही काही दंतकथा आल्या आहेत. अंगठा खाली म्हणजे रोममध्ये योद्ध्याला मृत्यू, ही आपली समजूत मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२च्या चित्राची देणगी आहे. लॅटिन लेखक फक्त ‘वळवलेला अंगठा’ म्हणतात, कुठल्या दिशेला ते सांगत नाहीत. अँथनी कॉर्बिल या अभ्यासकाच्या मते मृत्यूची खूण अंगठा वर, ही होती. बागकामात हात चांगला असणाऱ्याला अमेरिकन माणूस ‘हिरव्या अंगठ्याचा’ म्हणतो, ते पहिल्या एडवर्ड राजाचे मटार सोलणाऱ्या नोकरांवरून आलं म्हणे. राजा १३०७ साली वारला आणि शब्दप्रयोग विसाव्या शतकातला. आणि ‘थंब’मधला मुका ‘बी’ मूळचाच आहे, हेही चूक. जुन्या इंग्रजीत शब्द होता ‘थूमा’, ‘बी’ नंतर येऊन चिकटला. ‘लॅम्ब’मधला मात्र मूळचा आहे.

त्या शिक्षिकेला मी चहाच्या सुट्टीत गाठलं आणि रोड्स खटल्याची हकिकत सांगितली. तिने वहीतली ओळ खोडली आणि खाली १८६८ लिहिलं. तुम्हीही ‘रूल ऑफ थंब’ निःशंक वापरा. आणि कुणी वर्गात ती काठी पुन्हा काढली, तर एवढंच विचारा: कोणतं न्यायालय, कोणतं साल?