लाभांशाचं पीक आणि दोन वर्षांची चाळ

उतारवयाचा हिशेब : लेखांक 9

मार्च संपत आला की बागलाणात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते. ज्याच्या घरी लग्न ठरलंय किंवा सोसायटीचं कर्ज भरायचंय, तो ट्रॉली भरतो आणि सरळ नामपूरच्या नाहीतर सटाण्याच्या बाजार समितीत नेतो. लिलावात जो भाव निघेल तो घेऊन घरी येतो. शेजारच्याची कांदा साठवायची चाळ आहे, घरखर्चाला दुसरा पैसा आहे, तो थांबतो. दोघांचं वाण एकच असतं, पाणीही एकाच विहिरीचं असतं. फरक असतो तो थांबता येण्याचा.

ही गोष्ट आज आठवण्याचं कारण वेगळं आहे. आरम नदीच्या काठी देवमामलेदारांच्या मंदिरापाशी संध्याकाळी निवृत्त मंडळी बसतात. गेल्या पंधरवड्यात तिथं एका गुरुजींनी मला विचारलं, "सर, कोळशाचे शेअर आहेत माझ्याकडे. भाव पडतोय, पण डिव्हिडंड येतोय. पेन्शनसारखाच येतोय ना? मग काळजी कशाला करायची?" त्यांच्या प्रश्नातल्या 'पेन्शनसारखाच' या शब्दापाशी मी अडलो. या लेखांकात त्याच शब्दाचा हिशेब मांडतो.

प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तीवेतन योजना सरसकट लागू नाही. ही पिढी आता पन्नाशीच्या आसपास आली आहे. महिन्याच्या महिन्याला पैसा कुठून येणार, हा तिचा घोर खरा आहे. त्यावर उत्तर म्हणून कोणीतरी सांगतं : सरकारी कोळसा-तेल कंपन्यांचे शेअर घ्या, बँकेच्या व्याजाइतका लाभांश बसल्या जागी येतो.

तर कोल इंडियाचंच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर 2010 मध्ये 245 रुपये भावाने हिचा पब्लिक इश्यू आला आणि छोट्या गुंतवणूकदारांना 5 टक्के सवलत मिळाली. गावोगावच्या पगारदारांनी अर्ज भरले. समजा, एखाद्याकडे 1,000 शेअर आहेत. 2015-16 या आर्थिक वर्षात कंपनीने दर शेअरमागे 27 रुपये 40 पैसे दिले, म्हणजे या माणसाच्या खात्यात 27,400 रुपये जमा झाले. पुढच्या वर्षी 19,900 आले. त्याच्या पुढच्या वर्षी 16,500, मग 13,100 आणि 2019-20 मध्ये 12,000. चार वर्षांत उत्पन्न निम्म्याच्याही खाली गेलं. शेअरचा भाव ऑगस्ट 2015 मध्ये 440 च्या घरात होता, तो 2020 च्या ऑक्टोबरात 110-115 वर आला. कोणतंही पेन्शन असं वागत नाही. असं पीक वागतं.

पुढची बाजूही सांगायला हवी. त्यानंतर लाभांश वाढत गेला : 16 रुपये, 17, 24.25, 25.50 आणि 2024-25 मध्ये 26.50. ज्याने 110 ला घाबरून विकलं, त्याने ही चढण गमावली. ज्याने धरून ठेवलं, त्याला ऑगस्ट 2024 मध्ये 540 च्या वरचा भाव दिसला. पण 2015-16 चे 27,400 आणि 2024-25 चे 26,500 हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नऊ वर्षांनी उत्पन्न जिथं होतं तिथंही पूर्ण पोचलेलं नाही. या नऊ वर्षांत किराणा, औषधं, गॅस आणि नाशिकच्या डॉक्टरांची फी कुठल्या कुठे गेली. लाभांश परत आला हे खरं, पण त्यात येणारा बाजार कमी झाला.

आता खरा उपयोगाचा मुद्दा. 2016 नंतरची लाभांशाची ती घसरण आधी दिसली असती का? बऱ्याच अंशी दिसली असती. 2016-17 मध्ये कोल इंडियाचा समूहाचा नफा दर शेअरमागे सुमारे 15 रुपये होता आणि वाटप जवळजवळ 20 रुपयांचं. पुढच्या वर्षी वेतनवाढ आणि ग्रॅच्युइटीचा बोजा आला, नफा सुमारे 11 रुपयांवर उतरला, तरी कंपनीने साडेसोळा रुपये वाटले. कमावले त्यापेक्षा जास्त वाटले, म्हणजे जुन्या शिलकीतून वाटले. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बियाण्याचं पोतं फोडून दळण आणलं की पुढच्या पेरणीला काय होतं, हे त्याला ठाऊक आहे. उलट 2019-20 मध्ये दर शेअरमागे नफा सुमारे 27 रुपयांचा होता आणि वाटले फक्त 12. लाभांशाचा आकडा सगळ्यात लहान दिसत होता, त्या वर्षी कंपनीचं पोट भरलेलं होतं. म्हणून नुसता लाभांश पाहू नका. तो आणि दर शेअरमागचा नफा दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. एवढी एक सवय लागली तरी हा लेखांक वाचल्याचं चीज झालं असं मी समजेन.

सरकारी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक मालक मध्ये आहे. कोल इंडियात सरकारचा वाटा 63 टक्क्यांच्या वर आहे. मे 2016 च्या केंद्राच्या सूचनेनुसार सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मूल्याच्या 5 टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा लाभांश किमान द्यायचा होता. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यातल्या 5 टक्क्यांचे 4 टक्के झाले. तिजोरीला पैसा हवा असतो म्हणून लाभांश येत राहतो, हा आपला फायदा. पण तोच मालक वेगळा हुकूमही देऊ शकतो. जानेवारी 2018 मध्ये ओएनजीसीने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा सगळा वाटा 36,915 कोटी रुपयांना विकत घेतला आणि त्यासाठी कर्ज काढलं. दोनच वर्षांनी तेल कोसळलं. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली, उणे 37 डॉलरवर बंद झाला. ओएनजीसीचा लाभांश 2019-20 मध्ये 5 रुपये होता, पुढच्या वर्षी 3 रुपये 60 पैसे झाला. त्याच एप्रिलच्या अखेरीस शेल या जगातल्या बलाढ्य तेल कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा लाभांश कापला आणि एकदम दोन तृतीयांश कापला.

डिसेंबर 2023 मधली कांद्याची निर्यातबंदी इथल्या कोणालाही विसरता आलेली नाही. पीक उत्तम होतं, भाव होता, एका आदेशाने तो गेला. ऊर्जा कंपन्यांचंही असंच आहे. 2022 मध्ये तेल कडाडलं तेव्हा जुलैपासून देशी तेल काढणाऱ्यांवर जादा कर बसला, तो डिसेंबर 2024 ला उठला. त्याच काळात पंपावरचे दर गोठलेले राहिले, म्हणून तेल विकणाऱ्या कंपन्या तोट्यात गेल्या. तेल पडलं तर विहिरीवाली कंपनी अडचणीत, चढलं तर पंपवाली. त्यामुळे 'एनर्जी सेक्टर पडलंय' असं टीव्हीवर ऐकलं की आधी विचारा, कोणती कंपनी आणि कशामुळे. मार्च 2025 पर्यंत कोल इंडियाचा भाव 540 वरून 400 च्या खाली आला होता, पण त्या वर्षीचा लाभांश आधीच्या वर्षापेक्षा जास्त होता. भाव पडणं आणि उत्पन्न आटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि पहिल्या दुखण्यावर घाईने शेअर विकणं हा इलाज नव्हे.

आता चाळीकडे येऊ. एका घराचा महिन्याचा खर्च 40,000 धरा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त 30 लाख ठेवता येतात. एप्रिल 2023 नंतर तिथं 8.2 टक्के दर मिळत आला आहे. त्या दराने तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये. उरले 19,500 महिन्याचे, वर्षाचे 2,34,000. ही रक्कम लाभांशातून यावी अशी या घराची अपेक्षा आहे. माझं म्हणणं असं : लाभांश थेट घरात आणू नका. आधी दोन वर्षांची ही रक्कम, 4,68,000 रुपये, बँकेच्या मुदत ठेवींत तुकड्यातुकड्याने ठेवा. ही तुमची चाळ. येणारा प्रत्येक लाभांश चाळीत पडेल आणि घर मात्र दर महिन्याला चाळीतून ठरलेले 19,500 उचलेल. चांगल्या वर्षी चाळ भरेल, वाईट वर्षी उतरेल. स्वयंपाकघराला त्याचा पत्ता लागता कामा नये.

दोन वर्षंच का? मी कोल इंडियाचे आकडे या चाळीवर लावून पाहिले. समजा, 2015-16 मध्ये लाभांशातून बरोबर 2,34,000 येत होते आणि सगळे एकाच कंपनीतून. पुढच्या चार वर्षांत तूट आली असती अनुक्रमे 27, 40, 52 आणि 56 टक्के. बेरीज सुमारे पावणेदोन वर्षांच्या उत्पन्नाएवढी. म्हणजे दोन वर्षांच्या चाळीने ती चार वर्षं निभावली असती आणि एकही शेअर 110 च्या भावाने विकावा लागला नसता. पण पाचव्या वर्षी, लाभांश 16 रुपयांवर चढूनही, चाळ रिकामी झाली असती. हा हिशेब व्याज आणि महागाई दोन्ही बाजूला ठेवून केला आहे.

पाचव्या वर्षाची ती रिकामी चाळ मला फार महत्त्वाची वाटते. सगळं एकाच क्षेत्रात असेल तर चाळही पुरत नाही. इथल्या कसमादे पट्ट्याने हे डाळिंबात भोगलंय. तेल्या रोग आला तेव्हा ज्याची सगळी जमीन डाळिंबाखाली होती त्याचं घर हललं. ज्याच्याकडे चार बिघे कांदा आणि दोन म्हशी होत्या, तो उभा राहिला. लाभांशाच्या उत्पन्नातला पाचवा हिस्साच ऊर्जेतून येत असता आणि बाकीचा टिकला असता, तर सगळ्यात वाईट वर्षाची तूट 56 ऐवजी 11 टक्के झाली असती. म्हणून माझं स्पष्ट मत : कोळसा, तेल, वीज मिळून पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. उरलेलं सगळं बँकांच्या शेअरमध्येही टाकू नका. एप्रिल 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना 2019-20 चा लाभांश वाटायलाच मनाई केली होती. तेल आणि बँका एकाच महिन्यात आटल्या होत्या.

सरासरी काढताना एकरकमी लाभांशाला भुलू नका. भारत पेट्रोलियमने 2020-21 मध्ये शेअरमागे 79 रुपये दिले. भाव तेव्हा साडेचारशे-पावणेपाचशेच्या आसपास, म्हणजे 16-17 टक्के उत्पन्न दिसत होतं. त्यातले 35 रुपये एकदाच मिळणारे होते, कंपनीने नुमालीगड रिफायनरीतला आपला वाटा विकला होता. पुढच्या वर्षी लाभांश आला 16 रुपये. बांधावरचं सागाचं झाड विकून आलेला पैसा कोणी दरवर्षीचं उत्पन्न म्हणून धरत नाही. पेपरात '265 टक्के लाभांश' असं छापून येतं तेही नीट वाचा. ती टक्केवारी 10 रुपयांच्या दर्शनी किमतीवर असते. आपल्याला मिळतात साडेसव्वीस रुपये, आणि ते आपण 400 ला घेतलेल्या शेअरवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतात. बचत योजनेतले 8.2 टक्के त्याहून जास्त आहेत आणि ठेव तिथं पाच वर्षं जागची हलत नाही. म्हणून आधी ती 30 लाखांची जागा भरा, मग शेअरकडे वळा. अनेकजण हा क्रम उलटा करतात, याचं मला वाईट वाटतं.

कराचं थोडक्यात. 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर कंपनी नव्हे, आपण भरतो. तो आपल्या उत्पन्नात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षात 10,000 च्या वर लाभांश आला तर 10 टक्के कर आधीच कापून येतो. एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 5,000 होती. ज्यांना कर लागतच नाही, त्यांनी स्वयंघोषणेचा अर्ज दरवर्षी वेळेवर द्यावा, नाहीतर कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागावा लागतो.

शेवटची गोष्ट घरातल्या दुसऱ्या माणसासाठी. बऱ्याच घरांत डीमॅट खातं गुरुजींच्या नावावर असतं आणि बाईंना त्याचा पासवर्ड सोडा, कंपनीचं नावही ठाऊक नसतं. सात वर्षं न उचललेला लाभांश केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. सलग सात वर्षं असं झालं तर शेअरही तिकडेच जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांसाठी उतारवयात खेटे घालावे लागतात. नॉमिनी लावलाय का, आणि बँक विलीन झाल्यावर बदललेला खाते क्रमांक व आयएफएससी डीमॅटला जोडलाय का, हे या आठवड्यातच पाहा.

गुरुजींना मी सांगितलं, आत्ता विकू नका, पण या लाभांशाला पेन्शन म्हणू नका, आणि आधी चाळ बांधा. पुढच्या लेखांकात ही चाळ मुदत ठेवींच्या तुकड्यांनी कशी रचायची ते पाहू. तोवर पासबुक काढा आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्येक कंपनीकडून नेमका किती लाभांश जमा झाला, ते वर्षवार एका वहीत लिहून ठेवा. पुढचा हिशेब आपल्याला त्याच वहीवरून करायचा आहे.